मेणाचे नळकांडे आणि घरातील संगणक

दोन महिन्यांपूर्वी येथील मंडळाच्या ग्रंथालयात एका तरुण स्नेह्यांनी आम्हांस एक प्रश्न विचारला. ते केंद्र सरकारच्या सेवेत असून वर्षभरापूर्वी बदली होऊन या शहरी आले आहेत. पत्नी गातात, स्वतः ते हार्मोनियमची साथ करतात, आणि सरकारी निवासातील आतल्या लहानशा खोलीत ध्वनिमुद्रणाची सोय करावी असा उभयतांचा मानस आहे. संगणक घरात आहेच, माईकही घेतला. आता स्वस्तातले सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, एवढेच त्यांना हवे होते. याचे उत्तर दोन मिनिटांत देता आले असते. परंतु त्या ‘स्वस्त’ शब्दाने आम्हांला आमच्याच एका जुन्या चुकीची आठवण झाली, आणि उत्तराऐवजी आम्ही त्यांना थोडा इतिहास ऐकवला. तोच येथे विस्ताराने मांडीत आहोत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज हाच प्रश्न निघत असेल, अशी आमची अटकळ आहे.

घरी बसून आवाज टिपून ठेवण्याची सोय संगणकाबरोबर आली, असा समज आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे. १८७७ साली एडिसनने जे यंत्र सिद्ध केले त्याला तोंड होते तसे कानही होते. आरंभी कथलाच्या वर्खावर आणि पुढे मेणाच्या नळकांड्यावर ज्या यंत्राने आवाज उमटवायचा, त्याच यंत्राने तो ऐकायचा. मेणाचा पृष्ठभाग तासून गुळगुळीत केला की तेच नळकांडे नव्या आवाजासाठी पुन्हा सिद्ध होई. म्हणजे ज्याच्या घरी फोनोग्राफ, त्याच्या घरी ध्वनिमुद्रणालय, अशी त्या काळी स्थिती होती. कोलकात्यास हेमेंद्रमोहन बोस यांनी १९०५ च्या सुमारास अशाच नळकांड्यांवर रवींद्रनाथांचा आवाज घेतला होता. त्या नळकांड्यांपैकी बहुतेक आज उरलेली नाहीत. मेण हा पदार्थच मुळी आपल्या हवेला मानवणारा नव्हे.

तथापि नळकांड्याचा खरा शत्रू हवा नसून तबकडी हा होता. एमिल बर्लिनर याने १८८७ साली सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले. एका साच्यावरून तबकडीच्या हजारो प्रती काढता येत. व्यापाराच्या दृष्टीने याहून अधिक सोयीचे ते काय असणार? पण घरोघरी जो ग्रामोफोन गेला तो केवळ वाजवणारा होता. यंत्राचे कान कारखान्यात राहिले आणि दिवाणखान्यात फक्त त्याचा कर्णा येऊन बसला. ऐकण्याचा अधिकार सर्वांना मिळाला, आणि ऐकवण्याचा मात्र कंपनीच्या हाती गेला. पुढील अर्धशतकभर कोणाचा आवाज उरावा आणि कोणाचा उरू नये, हे ठरविण्यात कंपनीच्या प्रतिनिधीचा वाटा फार मोठा राहिला.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग याने कोलकात्यात एका हॉटेलातील खोलीत गौहरजानचे गाणे मुद्रित केले, ही हकीकत अनेकांना ठाऊक असेल. गाणे संपताच तिने आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारले, ते जर्मनीतील हानोव्हर येथे तबकड्या काढणाऱ्या कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून. सियालदहला कारखाना निघेपर्यंत, म्हणजे १९०८ पर्यंत, हिंदुस्थानातला आवाज समुद्रापार जाऊन तबकडी होऊन परत येई. प्रत्येक बाजूस तीन-साडेतीन मिनिटे. ख्यालगायकाने आलाप आटोपता घ्यावा, तानांची घाई करावी आणि वेळ संपण्यापूर्वी समेवर यावे, असा तो एकंदर मामला होता. अब्दुल करीम खाँसाहेबांनी ती मर्यादा पत्करून तबकड्या दिल्या. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांनी दिल्या नाहीत. खाँसाहेब १९४६ पर्यंत, म्हणजे तबकडीच्या ऐन भरभराटीच्या काळात, कोल्हापूर आणि मुंबई येथे हयात होते. पण त्यांच्या आवाजाची एकही मुद्रिका मागे उरली नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या एका मुद्रिकेतील स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानातून सूर्यमालेच्या बाहेर निघाला, आणि प्रत्यक्ष गुरूचा स्वर मात्र कोल्हापुरातल्या कोल्हापुरात विरून गेला. त्यांच्या बिऱ्हाडी एखादे मेणाचे नळकांडे असते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

यंत्राचे कान घरात परत आणले ते चुंबकीय फितीने. बर्लिनच्या प्रदर्शनात १९३५ साली आयेगे या कंपनीने मॅग्नेटोफोन मांडला. महायुद्धानंतर ती विद्या अमेरिकेत गेली आणि तेथून जगभर पसरली. आपल्याकडे ज्यांच्या घरी मोठ्या चकत्यांचे टेपरेकॉर्डर आले असे वकील, डॉक्टर, गिरणीमालक आणि क्वचित एखादे सरकारी अधिकारी यांनी खाजगी बैठकी मुद्रित करून ठेवल्या, आणि ख्यालाचा एक पूर्ण विस्तार प्रथमच घड्याळाच्या जाचातून सुटून पुढील पिढीपर्यंत आला. या रसिकांचे ऋण संगीताच्या इतिहासाने अद्याप नीट मान्य केलेले नाही, असे आमचे मत आहे. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली आणि हीच सोय मध्यमवर्गाच्या आवाक्यात उतरली. तिला खरखर फार. पण खिशात मावे, कोणत्याही यंत्रात वाजे, आणि तिच्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे.

येथवर टिपण्याची गोष्ट झाली. टिपणे निराळे आणि रचणे निराळे. गायक, हार्मोनियम आणि तबला यांचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेऊन मागाहून त्यांचा मेळ घालणे ही मोठ्या स्टुडिओची मिरास होती. तीही १९७९ साली मोडली. जपानच्या टीॲक कंपनीने टॅस्कॅम या नावाखाली ‘पोर्टास्टुडिओ’ बाजारात आणला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारी ती पेटी टेबलावर मावत असे. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतील आपल्या बिऱ्हाडी या पेटीवर काही गीते नमुन्यादाखल मुद्रित केली. पुढे मोठ्या स्टुडिओत साग्रसंगीत वाद्यवृंदासह तीच गीते पुन्हा घेण्याचा प्रयत्न झाला; परंतु घरच्या कॅसेटमध्ये जे होते ते तेथे येईना. अखेर कित्येक दिवस खिशात तशीच वागवलेली ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने त्या वर्षी प्रसिद्ध झाली. स्वस्त साधनाची टवाळी करणाऱ्यांना आम्ही हा दाखला नेहमी देतो.

यापुढचा टप्पा संगणकाचा. त्याच्या आरंभी एक औदार्य घडले, त्याचा उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी या दोन प्रतिस्पर्धी वाद्यनिर्मात्यांनी पुढाकार घेऊन इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी परस्परांशी बोलण्याची एक सामाईक भाषा सिद्ध केली. तिचे नाव ‘मिडी’. १९८३ साली ती जगापुढे आली, आणि तिच्यावर कोणीही स्वामित्वशुल्क आकारले नाही. अटारी कंपनीने १९८५ च्या आपल्या ‘एसटी’ संगणकाला मिडीची जोडणी अंगचीच देऊन टाकली. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग मंडळींनी १९८९ साली त्याच संगणकावर ‘क्युबेस’ आणले. मात्र मिडीची शिडी बारा सुरांच्या पायऱ्यांची आहे. मींड हवी तर सूर वाकवण्याची वेगळी युक्ती करावी लागते, आणि कोमल गंधार रागागणिक किंचित सरकतो हे तिच्या गावीही नसते. चित्रपटसंगीताला तिचा जेवढा उपयोग झाला तेवढा ख्यालाला झाला नाही आणि होणारही नाही. आमच्या स्नेह्यांना विक्रेत्याने शेकडो वाद्यांचे आवाज असलेले महागडे संच दाखवले होते; त्यांची या घराला काडीचीही गरज नाही, हे आम्ही प्रथम सांगून टाकले.

प्रत्यक्ष आवाजच संगणकात घेण्याची विद्या १९९० च्या सुमारास आली. कॅलिफोर्नियातील डिजिडिझाइन या कंपनीचे ‘प्रो टूल्स’ १९९१ साली निघाले, तेव्हा त्यात चार ट्रॅक होते आणि यंत्रसामग्रीसह किंमत सहा हजार डॉलरच्या घरात होती. आपल्या रुपयाचे अवमूल्यन त्याच वर्षी झाले. त्या हिशेबाने ही रक्कम दीड लाख रुपयांच्या आसपास जाते. पोर्टास्टुडिओतही चारच ट्रॅक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळच्या खरेदीदारांची श्रद्धा किती थोर होती ते कळते. पुढे किंमती झपाट्याने कोसळल्या. १९९६ साली स्टाइनबर्गने ‘व्हीएसटी’ ही पद्धती आणली आणि प्रतिध्वनी, गाळणी, वाद्ये यांच्या स्वतंत्र पेट्यांची जागा संगणकातील प्रतिमांनी घेतली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक माझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी आरंभिलेले ‘ऑडॅसिटी’ २००० साली जनतेला मोफत मिळाले, तेही त्याच्या मूळ लिखाणासह. २००४ साली ॲपलने ‘गराजबँड’ आपल्या संगणकासोबत देऊन टाकले. ‘विनॲम्प’चे कर्ते जस्टिन फ्रँकेल यांनी २००५ च्या अखेरीस ‘रीपर’ खुले केले. साठ दिवस वापरून पाहावे, मग किंमत द्यावी. न दिल्यास ते बंद पडत नाही, उघडताना आठवण तेवढी करते. घरगुती वापरासाठी त्याची किंमत साठ डॉलर आहे, म्हणजे आजच्या भावाने पाच हजार रुपयांहून काहीशी अधिक. पॉल डेव्हिस यांचे ‘आर्डर’ही अशाच मोकळ्या वृत्तीचे, लिनक्स वापरणाऱ्यांस ते अधिक परिचित आहे.

तेव्हा किंमतीचा प्रश्न वीस वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. आमची जी चूक म्हटली ती त्या सुमाराचीच.

२००४ साली आमची आत्या ऐंशीच्या घरात होती. जात्यावरच्या ओव्या तिला दीडदोनशे तरी येत. त्यांतल्या पुष्कळ तिच्या आईच्या, काही शेजारणींच्या, काही बहुधा तिच्या स्वतःच्याही असाव्यात. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संगृहीत केल्या, हे तेव्हा आमच्या वाचनात आले होते आणि आपल्या घरातील ठेवा आपण जपावा असे मनाने घेतले होते. दिवाळीच्या रजेत आम्ही संगणक आणि माईक घेऊन चिपळूणला गेलो. दोन दुपारी आत्या गात होत्या. शेजारी आमच्या आतेबहिणीने आपला जुना कॅसेटचा टेपरेकॉर्डर मांडून ठेवला होता. त्याच्या मोटारीची घरघर माईकमध्ये येईल म्हणून आम्ही तो बंद करण्यास सांगितले. ती काही बोलली नाही, पदराआड घेऊन तो तिने लांब नेला.

२००६ साली आमची बदली झाली. जुना संगणक मोडीत द्यायचा होता. म्हणून त्यातील मोलाच्या वस्तू आम्ही एका सीडीवर उतरवून घेतल्या. ओव्यांची जी फाइल सॉफ्टवेअरात रोज उघडत असू, तीही घेतली. ती इतकी लहान कशी, ही शंका आली नाही. उलट जागा कमी लागली याचा आनंद झाला. नव्या गावी ती उघडली तेव्हा पडद्यावर सर्व ट्रॅक जागच्या जागी दिसले, आम्ही दिलेली नावे दिसली, आणि आवाज कोठे आहे हे सॉफ्टवेअर आम्हांलाच विचारू लागले. तोवर जुना संगणक भंगारात जाऊन चार महिने झाले होते. आत्या त्याच पावसाळ्यात गेल्या.

दोष सॉफ्टवेअरचा नव्हे. या वर्गातील बहुतेक सॉफ्टवेअरांची रचनाच अशी असते की जी फाइल आपण उघडतो तिच्यात आवाज नसतो. कोणता आवाज कोठून घ्यावा, कोठे कापावा, किती मोठा करावा, एवढ्या सूचनाच असतात. प्रत्यक्ष आवाज शेजारच्या निराळ्या फोल्डरमध्ये राहतो. आम्ही गावचा नकाशा बरोबर घेतला आणि गाव मागे ठेवून आलो. ऑडॅसिटीने २०२१ साली आपली रचना बदलून आवाज आणि सूचना एकाच फाइलमध्ये आणल्या; इतरांत ‘सर्व सामग्रीसह प्रत जतन करा’ अशा अर्थाची आज्ञा असते, ती शोधून वापरावी लागते. दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलविणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर सॉफ्टवेअर पसंत करताना पहिला प्रश्न हाच विचारावा.

दुसरा प्रश्न कंपन्यांच्या आयुष्याचा. आवाज आणि मिडी यांना प्रथम एकत्र नांदविणारे ‘स्टुडिओ व्हिजन’ १९९० साली ऑपकोड कंपनीने काढले. १९९८ साली गिटारी बनविणाऱ्या गिब्सन कंपनीने ऑपकोड विकत घेतली आणि वर्षभरात तिचे काम थांबले. ‘लॉजिक’ करणारी जर्मन कंपनी ॲपलने २००२ साली घेतली आणि त्याची विंडोजवरील आवृत्ती त्याच वर्षी बंद केली. ज्यांचे संगणक विंडोजचे होते त्यांनी एक तर संगणक बदलावा, नाहीतर सॉफ्टवेअर. शेअरवेअर म्हणून घरोघर पोचलेले ‘कूल एडिट’ २००३ साली ॲडोबीकडे जाऊन ‘ऑडिशन’ झाले. सर्वांत बोलका प्रसंग ‘केकवॉक’चा. १९८७ पासून चालत आलेल्या या सॉफ्टवेअरचे काम गिब्सननेच २०१७ च्या नोव्हेंबरात बंद केले. पुढच्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या बँडलॅबने ते घेतले आणि अवघ्या जगाला मोफत देऊन टाकले. लोक हरखून गेले. २०२३ साली त्या मोफत आवृत्तीच्या जागी नवे ‘सोनार’ येणार असल्याची घोषणा झाली. फुकट मिळालेले फुकटच राहील, असे कोणी कोणाला लिहून दिलेले नसते. आणि भारी किंमत मोजून घेतलेलेही उरत नाही, हे लॉजिकच्या ग्राहकांनी अनुभवलेच होते.

या सर्व पडझडीत जे टिकून आहे ते अगदी साधे आहे. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९१ साली ठरविलेली ‘वेव्ह’ ही आवाजाची फाइल आजही कोणत्याही संगणकावर वाजते. जागा ती पुष्कळ खाते, हे खरे. अठ्ठेचाळीस हजार नमुने आणि चोवीस बिट या चांगल्या प्रतीने गायन, हार्मोनियम आणि तबला असे तीन ट्रॅक तासभर घेतले तर सुमारे दीड जीबी लागतात. तीस वर्षांपूर्वी ही अडचण होती, आज नाही. बिटविग आणि प्रिसोनस यांनी २०२३ साली सूचनांसाठीही ‘डॉप्रोजेक्ट’ नावाची एक सामाईक फाइल सुचविली आहे. मिडीच्या बाबतीत जे औदार्य चाळीस वर्षांपूर्वी सुचले ते येथे फार उशिरा सुचले. सर्वांनी ते स्वीकारलेले नाही.

आमच्या स्नेह्यांना आम्ही एवढेच सांगितले की रीपर घ्या किंवा ऑडॅसिटीवर भागवा. तुमच्या कामाला दोन्ही पुरून उरतील. खर्च करायचाच तर चांगल्या इंटरफेसवर करा. गाणाऱ्याला कानात स्वतःचा आवाज उशिरा आला तर लय बिघडते. दहा सहस्रांश सेकंदाचा विलंब म्हणजे तबलजी साडेतीन मीटर दूर बसल्यासारखे होते. तेवढे चालते, त्याहून अधिक झाले की चालत नाही. सॉफ्टवेअर उघडताच मिनिटाला १२० ठोक्यांची चौकट मांडते, ती प्रथम बंद करा. विलंबित एकतालाशी तिचे कधीच जुळणार नाही. आणि प्रत्येक बैठकीनंतर प्रत्येक ट्रॅकची वेव्ह फाइल काढून तारीख, स्थळ आणि गाणाऱ्याचे नाव यांसह दोन ठिकाणी ठेवा. त्यांनी हे सारे एका वहीत लिहून घेतले. त्यांची पहिली बैठक झाली ती त्यांच्या सासूबाईंच्या मंगळागौरीच्या गाण्यांची, असे परवा त्यांच्याकडून कळले.

हा लेख लिहावयास घेतला तेव्हा आम्ही चिपळूणला आतेबहिणीला दूरध्वनी करून त्या दिवाळीची नक्की तारीख विचारली. तारीख तिलाही आठवत नव्हती. मात्र ती म्हणाली, “दादा, मी तेव्हा तो टेप बंद केला नव्हता. माजघरात नेऊन चालूच ठेवला होता. कॅसेट ट्रंकेत आहे, वर आईचं नाव घातलंय.” तिच्याकडचा टेपरेकॉर्डर कधीच बिघडला आहे, त्यामुळे इतक्या वर्षांत ती कॅसेट कोणी वाजवून पाहिलेली नाही. येथील एका गृहस्थांकडून आम्ही चालू स्थितीतला एक कॅसेटप्लेअर मागून आणला आहे. पुढील महिन्यात दहा दिवसांची रजा मंजूर झाली आहे.